खेळाडूंचा गुणानुक्रम

परीक्षांच्या दिवसांत ज्यांच्या घरीं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, त्यांना गुणानुक्रम या शब्दाची वाटणारी धास्ती विद्यार्थ्यांच्या धास्तीहून निराळी असते. विद्यार्थ्याला आपला क्रमांक कितवा लागेल याची चिंता. परीक्षकाला, आपण लावलेला क्रमांक खरा आहे काय, याची. अठ्ठावीस वर्षें हें काम करूनहि, एकोणसाठ आणि साठ या दोन गुणांमध्यें नेमकें काय असतें असें कोणीं विचारल्यास आम्हांस प्रामाणिकपणें उत्तर देतां येणार नाहीं. एकदां तर एकच उत्तरपत्रिका चुकून आमच्याकडे दोन वेळां आली आणि आमच्याच हातून तिला जे गुण पडले त्यांत नवांचा फरक निघाला. विद्यार्थी दोन्ही हिशेबांनीं उत्तीर्ण होता, एवढेंच समाधान.

गेल्या वर्षीं एप्रिल महिन्यांत आम्ही अमेरिकेंत कन्येकडे असतांना ही जुनी टोचणी पुन्हां जागी झाली. आमचे जामात ओळीनें तीन दिवस दूरदर्शनसंचापुढें बसून होते. पडद्यावर खेळ असा कांहींच चाललेला नव्हता. एक गृहस्थ व्यासपीठावर येऊन नांव पुकारीत. एक धिप्पाड तरुण डोक्यावर टोपी चढवून पुढें येई, आईच्या गळ्यांत पडून रडे, आणि खालीं बसलेले पंडित त्याच्या गुणदोषांची चिकित्सा करूं लागत. आम्हांस आधीं हा एखादा पदवीदानसमारंभ वाटला. चौकशीअंतीं कळलें कीं, हा फुटबॉलचा 'ड्राफ्ट', आणि या तीन दिवसांच्या मागें जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. माणसांची प्रतवारी लावण्याचा एवढा खर्चिक, एवढा चिकाटीचा आणि एवढा उघड्यावरचा प्रयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावीशी वाटली.

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्याचा पायाशीं संबंध बेताचाच. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू हातांत घेऊन किंवा हातानें फेंकून, आडव्या येणाऱ्या प्रतिपक्षावर आदळत तो पुढें न्यावयाचा, असें या खेळाचें स्वरूप आहे. महाविद्यालयांतून तयार झालेले तरुण पुढें धंदेवाईक संघांत शिरतात. आज असे बत्तीस संघ आहेत. दरसाल सात फेऱ्या होतात व प्रत्येक फेरींत प्रत्येक संघानें आळीपाळीनें एकेक खेळाडू निवडावयाचा. यांतील मौज अशी कीं, मागील हंगामांत जो सर्वांत खालीं राहिला त्याला पहिली निवड आणि विजेत्याला शेवटची. ज्या संघानें नांव उच्चारलें त्याच्याशींच त्या तरुणानें बोलणीं करावयाचीं. आपल्याला कोठें खेळावयाचें आहे हें त्याला कोणी विचारीत नाहीं.

ही कल्पना बर्ट बेल याची. हा फिलाडेल्फियाचा सधन घराण्यांतला गृहस्थ ईगल्स नांवाच्या संघाचा मालक होता, आणि त्याचा संघ सपाटून हरत असे. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्ट्का हा बलदंड खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून बेलनें रदबदली केली. परंतु इतर संघांनींहि बोली लावली, रक्कम चढत गेली, आणि अखेर ब्रुकलिनच्या संघानें त्याला उचललें. शिकागो आणि न्यूयॉर्क येथील बलिष्ठ संघ असेच निवडक मोहरे टिपीत राहिले, तर दुबळ्यांचे सामने पाहावयास कोणी येणार नाहीं व मग सगळ्यांचाच धंदा बसेल, असें बेलनें १९३५ च्या मे महिन्यांत मालकांच्या सभेंत मांडलें. बलिष्ठांनींहि ठरावास संमति दिली, ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष म्हणून सांगण्यांत येते. ती दूरदृष्टि होतीच. पण खेळाडूंवरील चढाओढ थांबली कीं त्यांचे पगारहि आटोक्यांत राहतात, हें त्या व्यवहारी मंडळींच्या ध्यानांत आलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पहिली निवड १९३६ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलांत झाली. एका फळ्यावर सुमारें नव्वद नांवें लिहिलीं होतीं. नऊ संघ, नऊ फेऱ्या. एकूण एक्यायशीं तरुणांचीं नांवें पुकारण्यांत आलीं. पहिलें नांव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचें. त्याच्या गुणवत्तेविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. बेलनें त्याचा हक्क शिकागो बेअर्स संघाचे जॉर्ज हॅलस यांस देऊन टाकला. बरवँगरनें दोन वर्षांचे पंचवीस हजार डॉलर मागितले. हॅलसनीं मान हलविली. आणि गुणानुक्रमांतला हा पहिला मनुष्य धंदेवाईक फुटबॉल जन्मांत एकदांहि खेळला नाहीं. त्या एक्यायशींपैकीं निम्म्यांहून अधिक तरुणांनीं त्या वर्षीं दुसराच मार्ग धरला. तेव्हां या खेळापेक्षां साध्या नोकरींत अधिक शाश्वति होती.

फळ्यावरील तीं नव्वद नांवें आलीं कोठून? बहुतेक वर्तमानपत्रांतून आणि ओळखीच्या प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा धाकटा मुलगा वेलिंग्टन मारा तेव्हां कॉलेजांत शिकत होता. तो दूरदूरचीं वर्तमानपत्रें व मासिकें मागवून खेळाडूंची टिपणें ठेवी. त्याच्याच शिफारशीवरून जायंट्सनीं वॉशिंग्टनच्या एका फारसा गाजावाजा नसलेल्या संघांतील टफी लीमन्स याला दुसऱ्या फेरींत घेतलें, व पुढें लीमन्स हा त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसला. म्हणजे जेथें बाकीचे मालक ऐकीव माहितीवर बोलत, तेथें एका विद्यार्थ्याची वही त्यांना भारी पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजलिसच्या रॅम्स संघाचे मालक डॅन रीव्ह्ज यांनीं एडी कोटल यांस केवळ खेळाडू हेरण्याकरितां पूर्ण वेळ पगारी नेमलें, आणि मग पारखी हा एक स्वतंत्र पेशाच झाला.

पारखी आले म्हणून पारख आली असें मात्र नव्हे. जॉनी युनायटस याची कथा अमेरिकेंत पोराबाळांनाहि ठाऊक आहे. १९५५ सालीं पिट्सबर्गच्या संघानें त्याला नवव्या फेरींत निवडलें आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच घरीं पाठविलें. तो बांधकामावर मजुरी करीत सामन्याला सहा डॉलर या दरानें गल्लीबोळांतल्या एका संघाकडून खेळत राहिला. पुढल्या वर्षीं बाल्टिमोरनें त्याला घेतलें. १९५८ सालीं त्यानें त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. पिट्सबर्गच्या मंडळींनीं त्याला पाहिलें नव्हतें असें कसें म्हणावें? तो त्यांच्या डोळ्यांपुढें, त्यांच्याच मैदानावर होता.

परंतु पाहूनहि न दिसणें ही एक गोष्ट, आणि पाहावयाचेंच नाहीं असें ठरवून बसणें ही दुसरी. १९३४ पासून १९४५ पर्यंत या संघांतून एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठें नव्हता. त्याची गरजच नव्हती. लॉस एंजलिसच्या विद्यापीठाचा केनी वॉशिंग्टन १९३९ सालीं चढाईच्या आंकड्यांत सबंध देशांत पहिला आला होता. ड्राफ्टमध्यें त्याचें नांव कोणींहि घेतलें नाहीं. १९४६ सालीं रॅम्सनीं त्याला घेतलें, तेंहि सार्वजनिक क्रीडांगण वापरावयाचें असेल तर वर्णभेद चालणार नाहीं अशी अडवणूक झाल्यावर. तोंवर त्याच्या उमेदीचीं वर्षें निघून गेलीं होतीं. ड्राफ्टमध्यें कृष्णवर्णीयाचें पहिलें नांव निघावयास १९४९ साल उजाडलें : जॉर्ज टॅलिआफेरो, फेरी तेरावी. ज्या फळ्यावर तेरा वर्षें अर्धीं माणसें लिहिलींच जात नव्हतीं त्या फळ्यावरचा पहिला आणि पन्नासावा यांत किती अंतर होतें याची चर्चा कितीहि सूक्ष्मपणें केली, तरी तिचें मोल काय?

साठाव्या दशकांत यंत्र आलें. क्लीव्हलंडचे पॉल ब्राऊन यांनीं त्यापूर्वींच खेळाडूंना घड्याळ लावून धांवविण्याची व त्यांची बुद्धिचांचणी घेण्याची प्रथा पाडली होती. पण डॅलसचा नवा संघ निघाला तेव्हां त्याचे चालक टेक्स श्रॅम यांना या अंकांचें एक शास्त्रच बनवावयाचें होतें. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळीं त्यांनीं आयबीएम कंपनीचीं गणकयंत्रें काम करतांना पाहिलीं होतीं. त्यांनीं त्या कंपनीकडे धांव घेतली, आणि कंपनीनें हें काम सोंपविलें सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाकडे. क्रिकेटच्या देशांत वाढलेल्या कुरेशींना अमेरिकन फुटबॉलचा गंधहि नव्हता. आमच्या मतें तीच त्यांची मोठी जमेची बाजू. त्यांनीं प्रशिक्षकांना विचारलें कीं, तुम्ही खेळाडूंत पाहतां तरी काय? उत्तरादाखल शेंकडों गुण निघाले. ते गाळून गाळून पांच मथळ्यांखालीं आणले : चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, जिगर, बुद्धीची जागरूकता, आणि बळ. वजन, उंची व वेग हीं मोजतां येणारीं मापें निराळीं. मग प्रश्नावल्या छापून प्रत्येक पारख्याकडून प्रत्येक गुणाला अंक घेण्याची पद्धत सुरू झाली.

यांत यंत्राचा भाग लोकांना फार दिसला. आम्हांस त्यांतला भाषेचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. एका पारख्याचा 'चपळ' हा दुसऱ्याचा 'बरा' असे; एकाच्या तोंडीं 'जिगरबाज' म्हणजे शूर, तर दुसऱ्याच्या तोंडीं नुसता भांडखोर. त्या शब्दांना ठराविक अर्थ नि ठराविक अंक आले, म्हणजे निदान दोन माणसांचीं मतें शेजारीं ठेवून पाहतां येऊं लागलीं. डॅलसनें १९६४ च्या ड्राफ्टमध्यें मेल रेन्फ्रो, बॉब हेज आणि रॉजर स्टॉबक हे तिघे घेतले. तिघेहि कीर्तिमंदिरांत गेले. याचें श्रेय यंत्राला देण्याचा मोह अनेकांस झाला आहे. पण स्टॉबक नौदलाशीं बांधलेला होता व त्याला डॅलसकडे यावयास १९६९ साल लागलें. दहाव्या फेरींतली एक निवड अशा माणसावर लावून पांच वर्षें वाट पाहण्याचा धीर कोणत्याहि प्रश्नावलींतून निघत नाहीं.

आतां ज्या मनुष्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळूं. बिल नन हे पिट्सबर्गच्या 'कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे क्रीडालेखक. दक्षिणेंत केवळ कृष्णवर्णीयांसाठीं निघालेलीं जीं महाविद्यालयें आहेत, त्यांतील उत्तम खेळाडूंची यादी ते दरवर्षीं प्रसिद्ध करीत. त्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें तीं गांवें पालथीं घातलीं होतीं. तेथील प्रशिक्षक त्यांचे स्नेही होते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कारभार पाहणाऱ्या डॅन रूनी यांच्या कानीं आलें कीं, ननचें आपल्या संघाविषयीं मत चांगलें नाहीं. त्यांनीं बोलावून कारण विचारलें. शहरांत राहणारा, या खेळाडूंची खडान्‌खडा माहिती असलेला मनुष्य हाताशीं असून आजवर त्याला कोणीं कांहीं विचारलेंच नव्हतें, हें कारण. १९६७ पासून नन स्टीलर्ससाठीं काम करूं लागले. युनायटसला हांकलून देणारा संघ तो हाच, हें वाचकांनीं विसरूं नये.

१९७४ च्या ड्राफ्टपूर्वींची एक गोष्ट सांगतात. अलाबामा येथील एका कृष्णवर्णीय महाविद्यालयांत जॉन स्टॉलवर्थ नांवाचा, चेंडू झेलण्यांत तरबेज असा खेळाडू होता. निरनिराळ्या संघांच्या पारख्यांबरोबर ननहि तेथें गेले. मैदान ओलें होतें. स्टॉलवर्थ धांवला आणि वेळ बेताचीच लागली. पारख्यांनीं ती वहींत टिपली आणि पुढचें गांव गांठलें. नननीं मात्र प्रकृति बरी नसल्याचें सांगून मुक्काम लांबविला, दुसरे दिवशीं कोरड्या जागीं त्याला पुन्हां धांवविलें, आणि त्यांच्या घड्याळांत निराळाच आंकडा आला. घड्याळें सर्वांचींच बिनचूक होतीं. गवत ओलें आहे हें मात्र एकालाच महत्त्वाचें वाटलें.

याच्या पुढचा भाग आम्हांस अधिक उद्बोधक वाटतो. स्टीलर्सचे प्रशिक्षक चक नोल यांना स्टॉलवर्थ इतका आवडला कीं, ते त्याला पहिल्याच फेरींत घेण्यास निघाले. नननीं त्यांना थोपविलें. खेळाडू पहिल्या फेरीचा आहे हें खरें. पण तें दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं, तेव्हां थांबा. त्यांनीं पहिल्या फेरींत लिन स्वॅन, दुसऱ्या फेरींत जॅक लँबर्ट घेतले, व चौथ्या फेरींत स्टॉलवर्थ अजून शिल्लक होता. पांचवींत माइक वेब्स्टर. त्यांच्या पहिल्या पांच निवडींपैकीं हे चार कीर्तिमंदिरांत गेले. शिवाय कोणींच न निवडलेला डॉनी शेल हा ननच्या माहितींतला सहावा, आणि तोहि पुढें तेथेंच जाऊन बसला. त्या हंगामापासून सहा वर्षांत स्टीलर्सनीं चार अजिंक्यपदें मिळविलीं. गुण किती हें एक ज्ञान, आणि ते इतरांस किती दिसले आहेत हें दुसरें. ड्राफ्टमध्यें हीं दोन्ही लागतात. आमच्या परीक्षामंडळांना दुसऱ्याची जरूर पडत नाहीं, हें आमचें भाग्य.

इतर संघांनीं यांतून काय घेतलें? घड्याळें अधिक सूक्ष्म केलीं. प्रत्येकानें स्वतंत्र हिंडण्याचा खर्च वांचावा म्हणून १९८५ सालीं सर्वांनीं मिळून एकत्र चांचणी सुरू केली, व १९८७ पासून ती इंडियानापोलिस शहरांत भरते. तीनशेंच्या वर तरुण तेथें जमतात. त्यांची उंची, वजन, हाताची लांबी व पंजाची रुंदी मोजतात. डॉक्टर सांधे दाबून पाहतात. सव्वादोनशें पौंडांचें वजन निजून किती वेळां उचलतो तें मोजतात. आणि चाळीस यार्ड धांववितात. पूर्वीं आपल्याकडे मुलगी पाहावयास आलेली मंडळी 'जरा चालून दाखव' म्हणत, त्याची आठवण होते. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक बुद्धिपरीक्षाहि असे. तिचा उपयोग काय हें कोणालाच नीटसें सांगतां न आल्यामुळें २०२२ मध्यें ती सोडून देण्यांत आली.

२००० सालीं मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी या चांचणींत चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धांवला. सुतळीसारखा दिसणारा आणि असा रेंगाळणारा खेळाडू कोणास हवा? त्याच्याच जागेचे सहा जण त्याच्या आधीं गेले. सहाव्या फेरींत, १९९ वा म्हणून, न्यू इंग्लंडनें त्याला घेतलें. पुढें त्यानें सात अजिंक्यपदें जिंकलीं. न्यू इंग्लंडच्या चालकांची याबद्दल वाहवा होते. पण त्यांना जर ब्रेडी खरोखर कळला होता, तर त्यांनीं १९८ जणांना पुढें जाऊं दिलें असतें काय? उलट १९९८ सालीं पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांत पहिला कोण, यावर जाणत्यांत खडाजंगी चालली होती. मॅनिंग पहिला गेला व थोर ठरला. दुसरा लीफ पांच वर्षांच्या आंत खेळांतून बाहेर पडला.

हीं उदाहरणें सांगून पारख्यांची थट्टा करणें सोपें आहे, आणि तें आम्हांस करावयाचें नाहीं. त्यांचें काम आमच्याहून कठीण. प्रत्येक संघाच्या बंद खोलींत अजूनहि एक फळा असतो. उभ्या रांगा खेळाच्या जागांप्रमाणें, आडव्या गुणांप्रमाणें. विद्यार्थ्यानें काय लिहिलें आहे यावर आम्ही गुण देतों; त्यांना हा तरुण तीन वर्षांनीं, आपल्याहून बलिष्ठ माणसांपुढें, दुखऱ्या गुडघ्यानें आणि खिशांत एकाएकीं आलेल्या पैशानें काय करील यावर द्यावे लागतात. शिवाय चेंडू फेंकणारा आणि वाट अडविणारा यांना एकाच क्रमांत बसवावयाचें, म्हणजे गणिताच्या आणि संस्कृतच्या उत्तरपत्रिका एकाच यादींत लावण्यासारखें आहे. त्यांत आपल्याला उणीव कशाची आहे तें पाहावें, कीं शिल्लक राहिलेल्यांत जो सर्वोत्तम तो उचलावा, हा वाद दरसाल नव्यानें होतो. अनुभवी मंडळी दुसऱ्या पक्षाकडे झुकतात, आणि आयत्या वेळीं पहिल्याप्रमाणें वागतात.

१९९१ सालीं डॅलसच्या चालकांपैकीं माइक मॅकॉय यांनीं निवडीच्या क्रमांकांची देवघेव सोयीची व्हावी म्हणून एक कोष्टक केलें : पहिल्या क्रमांकाला तीन हजार गुण, दुसऱ्याला सव्वीसशें, आणि असें उतरत शेवटपर्यंत. बघतां बघतां सगळे संघ त्यावरून व्यवहार करूं लागले. परंतु तें कोष्टक आधींच्या सौद्यांवरून बनविलेलें होतें. लोकांनीं काय किंमत मोजली एवढेंच त्यांत होतें, माल कसा निघाला तें नव्हतें. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यांपैकीं दुसऱ्यांस पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) यांनीं २००५ मध्यें ही दुसरी बाजू मांडली. त्यांनीं पाहिलें कीं, एकाच जागेचे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधीं निवडलेला अधिक चांगला निघण्याचा संभव शंभरांत सुमारें बावन्न. नाणें उडविलें तर पन्नास. एवढे पारखी, एवढीं घड्याळें, एवढा खर्च, आणि लगतच्या दोघांत त्यांची मिळकत दोनांची! यादीचा वरचा भाग खालच्याहून सरस असतो, यांत शंका नाहीं. पण शेजाऱ्याशेजाऱ्यांतला क्रम बव्हंशीं आपल्या मनाचें समाधान असतो. हें वाचल्यावर आम्हांस आमचे ते नऊ गुण आठवले.

या निष्कर्षावरून वागावयाचें, तर वरचा एक क्रमांक देऊन खालचे दोनतीन घ्यावेत. कांहीं संघ तसें करतात. पुष्कळांना तें धैर्य होत नाहीं. सबंध शहर ज्याचें नांव घेत आहे त्याला हातचा जाऊं देणारा चालक, तो तरुण पुढें चमकला तर, नोकरी टिकवूं शकत नाहीं.

ज्यांचा क्रम लावला जातो त्यांनीं या पद्धतीबद्दल कधीं तक्रार केली नाहीं असें नाहीं. १९६८ सालीं वॉशिंग्टनच्या संघानें पहिल्या फेरींत निवडलेल्या जेम्स स्मिथ याची मान पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यांत जायबंदी झाली व त्याचा खेळ संपला. खुल्या बाजारांत आपल्याला अधिक चांगला करार करतां आला असता, असा दावा त्यानें लावला, आणि १९७६ मध्यें न्यायालयानें ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध असल्याचा निर्णय दिला. पुढल्याच वर्षीं खेळाडूंच्या संघटनेनें मालकांशीं केलेल्या करारांत ड्राफ्ट मान्य केला व कायद्याची बाधा टळली. आज सातहि फेऱ्यांत ज्याला कोणींच निवडलें नाहीं तोच तेवढा मनास येईल त्या संघाशीं बोलूं शकतो. गुणानुक्रमाच्या तळाशीं असलेल्यालाच काय तें स्वातंत्र्य.

बर्ट बेल १९४६ पासून मृत्यूपर्यंत या संघटनेचा प्रमुख होता. १९५९ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या मैदानावर, ईगल्स आणि स्टीलर्स या आपल्या दोन जुन्या संघांचा सामना पाहत असतां त्याला मृत्यु आला. ज्याच्या बोलीवरून हें सारें सुरू झालें तो स्टॅन कोस्ट्का ब्रुकलिनकडून १९३५ चा एकच हंगाम खेळला, आणि नंतर धंदेवाईक खेळांत कधीं उतरला नाहीं.